अपूर्व सकाळी जातो कुठे?

"अपूर्वची प्रॅक्टिस संपली की सुखना लेकवर जाऊ," ईश्वरी म्हणाली.

"तो प्रॅक्टिसला जातच नाही, यार," शंतनू म्हणाला. "त्याचे बूट बघितलेस? मातीचा एक कणही नाही."

तिघं चंदीगडच्या हवाई दलाच्या वसाहतीत शेजारी राहायचे. अपूर्वच्या बाबांची, दिगंबरकाकांची, यंदाच नाशिकहून बदली झाली होती. उन्हाळी सुट्टी लागताच त्यांनी अपूर्वला क्रिकेट शिबिरात घातलं होतं.

दुसऱ्या सकाळी दोघं सायकलवरून, अंतर ठेवून अपूर्वच्या मागे गेले. मैदानाच्या फाटकाशी तो थांबला, आत डोकावला आणि सायकल वळवून थेट रोझ गार्डनला पोचला. तिथे बाकावर नुसता बसून राहिला.

दोघं शेजारी जाऊन बसले. मग त्याने सगळं सांगून टाकलं. मोठी मुलं त्याच्या हिंदीची नक्कल करायची, बूट लपवायची, येताजाता ढकलायची.

"काकांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, तूही एक ठेवून दे. ती चौघं आहेत!"

"उद्या आत जाशील?" ईश्वरीने विचारलं. "काकांना घेऊन आम्ही कुंपणाबाहेर थांबतो. नको वाटलं तर नको."

अपूर्वने विचार केला. "जाईन. पण जवळच थांबा."

"काका, अपूर्वचा खेळ बघायला चला, गुपचूप," एवढंच सांगून त्यांनी काकांना आणलं. अपूर्व आत शिरताच एकाने त्याची टोपी चिखलात भिरकावली. "मेरे को टोपी दो ना," दुसरा चिरक्या आवाजात म्हणाला. सगळे हसले. अपूर्व खाली मान घालून उभा राहिला.

काका तरातरा फाटकाकडे निघाले. ईश्वरी आडवी आली.

"काका, तुम्ही ओरडून घरी जाल. उद्या त्याला एकट्यालाच यायचंय. आधी त्याला विचारा ना."

काका थबकले. मग शांतपणे आत जाऊन त्यांनी अपूर्वला पायरीवर शेजारी बसवलं.

"तू सांगत होतास, मी ऐकलं नाही. चुकलं माझं. काय करू, सांग."

"शिबिराच्या सरांशी बोला. माझ्यासमोर. आणि मला खेळ सोडायचा नाही."

सरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्या मुलांच्या पालकांना बोलावलं आणि त्या दिवसापासून सगळी मुलं घरी जाईपर्यंत ते मैदानातच थांबू लागले. चौघांपैकी एकाने स्वतःहून माफी मागितली. बाकीचे निदान गप्प झाले.

रविवारी काकांनी तिघांना लेकवर नेलं.

"घरात राहून मला दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं," ते ईश्वरी आणि शंतनूला म्हणाले. "शाबास! अपूर्व, यापुढे काहीही झालं तरी मला..."

"सांगेन बाबा," अपूर्व म्हणाला. "फक्त माझं बोलून होईपर्यंत थांबायचं."

काका काहीतरी बोलणार होते. पण ते थांबले.