मामाचा डावा कोपरा

खोटं लिहायचा मला पगार मिळतो. सरकारी इमारतींच्या खात्यात इंजिनीअर आहे मी. पण आता जे सांगतेय ते शब्दन् शब्द खरं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढची पोस्ट वाचावी.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. मंगळवार होता. दुपारचे पावणेतीन. बाहेर लख्ख ऊन.

शहराच्या टोकाला आमच्या खात्याचं एक वसतिगृह बंद पडून आहे. चौदा वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं, इथे निवृत्त सैनिकांची सोय करावी. बारा अर्ज मंजूर झाले. मोठ्या हॉलमध्ये भिंती घालून बारा खोल्या पाडायचं ठरलं. खोल्या पाडायच्या आधी खाटा आणून टाकल्या. असं आमचं खातं.

पुढे चौदा वर्षं नुसत्या बैठका. विषय, जागेचा सुयोग्य वापर. निष्पन्न, चहा.

दरवर्षी एक फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना, रिकाम्या खाटा. उत्तर ठरलेलं, बारा. तीन वर्षं मीच भरला तो, टेबलावर बसून. कुलूप उघडायला कोण जातंय?

त्या बारा अर्जांतला एक माझ्या मामाचा होता.

मामा आमच्या घरी गॅलरीत झोपायचा. बावीस वर्षं फौजेत काढली, डाव्या हाताची तीन बोटं तिकडेच ठेवून आला. सकाळी उठला की अंथरूण असं ताणून लावायचा, एक सुरकुती दिसायची नाही. फक्त डावा कोपरा सुटा राहायचा. खोचायला बोटंच नव्हती.

मी जाता-येता तो खोचायची. "मामा, डावा कोपरा."

"तुझ्यासाठी ठेवलाय," म्हणायचा.

त्याला एकच गोष्ट हवी होती, स्वतःचं दार. "मनात येईल तेव्हा लावीन, मनात येईल तेव्हा उघडीन. गॅलरीला दार नसतं गं."

चौथ्या वर्षी नवीन साहेब आले. त्यांना प्रेझेंटेशनसाठी फोटो हवे होते, म्हणून मला पाठवलं. मामा म्हणाला, "मीही येतो. माझी जागा तरी बघतो."

किल्ली एकच. ती माझ्या ड्रॉवरमध्ये. कुलूप इतकं गंजलेलं की दोनदा तेल घालावं लागलं.

आत जमिनीवर बोटभर धूळ. तिच्यावर एक ठसा नाही.

आणि हॉलच्या बंद दाराआड...

फट्ट.

चादर झटकल्याचा आवाज.

मी दार ढकललं. आत कुणी नव्हतं. बारा खाटा होत्या. त्यातल्या अकरा खाटांवर... अंथरुणं लावलेली होती.

पांढऱ्या चादरी, ताणून खोचलेल्या. पायाशी ब्लँकेटची चौकोनी घडी. जमीन धुळीने भरलेली, आणि चादरींवर कण नाही.

बारावी खाट उघडी. तिच्यावर गुंडाळलेली गादी.

"कुणीतरी घुसलंय," मी म्हणाले.

मामाने टोपी काढली. "घुसलेत कसले? यादीतलेच आहेत. आम्ही बाराजण होतो. बाकी अकराजणांना पोचवून आलोय मी."

मग तो बाराव्या खाटेपाशी गेला आणि गादीवर हात ठेवला.

"माझी ठेवलीय बघ."

त्याचा चेहरा खुलला होता. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

त्याला ओढतच बाहेर आणलं. कुलूप लावत होते तेवढ्यात आतून पुन्हा...

फट्ट.

मी साहेबांना फोटो दाखवले. म्हटलं, "साहेब, ही अंथरुणं कुणीच लावलेली नाहीत. आणि यादीतला एकच माणूस उरलाय. त्याला एक खोली पाडून द्या. एकच."

साहेबांनी चष्मा वर केला. "छान स्वच्छ ठेवलंय की. हे फोटो लावा. पण एकट्यासाठी खोली कशी पाडणार? समिती बसू दे."

समिती बसली. समित्यांना दुसरं येतं काय. एकदा नकाशाचा रंग आवडला नाही. एकदा प्रोजेक्टर चालला नाही. एकदा अध्यक्षांना डुलकी लागली, ती मोडायची कुणाची छाती झाली नाही.

चौथ्या महिन्यात मामा गेला. सकाळी गॅलरीतल्या खुर्चीत मिळाला. अंथरूण गुंडाळून, दोरीने बांधून शेजारी ठेवलेलं. जसा काही निघायच्या तयारीत बसला होता.

पंधरा दिवसांनी फॉर्म आला. या वेळी मी गेले. एकटी. किल्ली त्या दिवसापासून माझ्याच पर्समध्ये होती.

धुळीत आमचे जुने ठसे तसेच होते. माझे आत गेलेले, बाहेर आलेले. मामाच्या बुटांचेही.

नीट पाहिलं...

मामाचे आत जाणारे ठसे दोनदा होते. बाहेर येणारे एकदाच.

हॉलमध्ये बारा अंथरुणं लावलेली होती. बाराव्याला एक सुरकुती नव्हती.

डावा कोपरा सुटा होता.

मी तिथेच बसून रडले. आमच्या खात्याची लाज वाटली, आणि माझी स्वतःची जास्त. तीन वर्षं मी तो आकडा लिहीत होते. मग उठले आणि सवयीने कोपरा खोचला.

दारापर्यंत आले. मागे आवाज नाही, हालचाल नाही. वळून पाहिलं...

कोपरा पुन्हा सुटा.

फॉर्मवर मी लिहिलं, रिकाम्या खाटा शून्य. साहेबांनी लाल पेनाने ते खोडून बारा केलं. "गाफील राहू नका हो," म्हणाले. नवी यादीही मागवलीय त्यांनी.

मी अजून अधूनमधून जाते. दुपारीच. कोपरा खोचते, आणि कुलूप लावायच्या आत तो सुटलेला असतो.

तुझ्यासाठी ठेवलाय, म्हणायचा मामा.

गेल्या मंगळवारी भिंतीला लागून एक तेरावी खाट दिसली. खात्याने ती आणलेली नाही, मी नोंदी तपासल्या. तिच्यावर गुंडाळलेली गादी आहे.