पाहुण्यांची भिंत

जेवणाची घंटा झाली की वायसन गवंडी थापी आणि ओळंबा घेऊन निघायचा. सरोवराकाठच्या त्या युवा शिबिरात परदेशी स्वयंसेवक सकाळभर मुलांसाठी निजायची खोली बांधत, गाणी म्हणत, फोटो काढत. ते जेवायला बसले, की वायसननं त्यांचे वाकडे थर गुपचूप उतरवून सरळ रचायचे. पाहुण्यांचं मन मोडता कामा नये, असा शिबिरप्रमुख मुंथाली साहेबांचा हुकूम होता.

गेल्या वर्षी हे काम त्याचा धाकटा भाऊ लिंबानी करायचा. एका भिंतीवर पाहुण्यांनी नावं लिहिली, म्हणून साहेबांनी ती उतरवू दिली नाही. ती लिंबानीच्या अंगावर पडली आणि तो गेला. पावसानं पडली, असं पाहुण्यांना सांगितलं. महिना ऑगस्टचा होता. ऑगस्टात तिथं थेंब पडत नाही.

यंदाच्या ऑगस्टातही तेच.

"पूर्वेची भिंत राहू दे," साहेब म्हणाले. "नावं लिहिलीत त्यांनी."

"चार बोटं कललीय, साहेब. शनिवारपासून वीस लेकरं निजणार तिच्याखाली."

"तू गवंडी आहेस, इंजिनीअर नाहीस."

"ओळंब्याला कुठं शाळा लागते?"

"भावासारखीच जीभ लांब आहे तुझी."

वायसनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामावरून काढलं तरी बेहत्तर, भिंत उतरवायचीच, असं ठरवून तो घंटेबरोबर निघाला.

ऊन रणरणत होतं. वाळत घातलेल्या मासळीचा वास जागच्या जागी थांबला होता. भिंतीमागून थापीचा आवाज आला. खर्र... टक.

स्वयंपाकघरातली नासिबेको दोन ताटल्यांत मक्याची न्सिमा घेऊन आली.

"दोन कशाला, मावशी? मी एकटाच आहे."

"मग पलीकडे... कोण आहे रे?"

वायसन वळसा घालून गेला. कोणी नव्हतं. भिंत सरळ उभी होती. ओळंबा लावून पाहिला. केसाचाही फरक नव्हता. कोपऱ्यातल्या ओल्या सिमेंटात अंगठा उमटला होता, मधोमध आडवा व्रण असलेला. लहानपणी विटांच्या साच्यात लिंबानीचा अंगठा चिरला होता. वायसनला भीती वाटली, आणि लेकरांसाठी बरंही वाटलं.

"वायसन..." साहेबांच्या घरातून हाक आली. "ओळंबा घेऊन ये जरा."

साहेबांच्या खोलीची भिंत अकरा वर्षांपूर्वी वायसननंच बांधली होती. त्यानं ओळंब्याची दोरी सोडली. भिंत पलंगाच्या बाजूला चार बोटं कलली होती.

"काल सरळ होती ना रे?"

"होती, साहेब."

"मग हे... कशानं झालं?"

खालच्या थरात ओलं सिमेंट चमकत होतं. वायसननं तिथला अंगठ्याचा तोच ठसा पाहिला आणि सावकाश दोरी गुंडाळली.

"पावसानं झालं असेल," तो म्हणाला आणि जेवायला निघाला.

त्याची पाठ वळली, तसा भिंतीपलीकडून आवाज आला. खर्र... टक.