भिंतीवरच्या चिंध्या

थंडी सरता सरता नासपतीच्या फांद्या भिंतीला नव्यानं बांधायच्या, ही इंग्लंडातल्या श्रॉपशरमधल्या एका हवेलीच्या परसबागेची जुनी रीत. विटांच्या उंच भिंतीवर झाड पंख्यासारखं पसरलेलं. दर फांदीला लोकरी कापडाची चिंधी, चिंधीला खिळा. साल सोलवटू नये म्हणून. चिंध्या कुणाच्या? बागेत राबलेलं माणूस गेलं, की त्याच्या कोटाच्या. विनिफ्रेड बेडोजच्या नवऱ्याची, क्लेमची, तपकिरी चिंधी बरोबर तिच्या खांद्याशी होती. येता-जाता ती तिला बोट लावायची. थडग्यापाशी तिला बोलायला सुचत नसे, इथे सुचायचं.

हवेली केव्हाच ओस पडली होती. बाग मात्र गावातल्या बायांनी जागती ठेवली होती. कांदापात, वाटाणे, गाजरं पिकवायची आणि दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना गरम सूप वाढायचं.

मग मालकांनी नवा व्यवस्थापक धाडला. थॉर्ली त्याचं नाव. अंगात निळ्या चौकड्यांचा कोट, बुटाला चिखलाचा ठिपका नाही.

"अशा जुन्या बागांना नवा उपयोग शोधावा लागतो, मिसेस बेडोज. इथं काचेचा लग्नमंडप उभारू. झाड काढायचं. नुसत्या विटा फोटोत फार छान दिसतात."

"नवा उपयोग आम्ही शोधलाय. दर बुधवारी वाढतो. या की वाडगा घेऊन!"

"सुपानं भिंतीची डागडुजी होत नाही."

"आणि लग्नाच्या केकवर म्हातारी माणसं जगत नाहीत!"

थॉर्ली हसला. शिवी दिली असती तरी तिला एवढं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा मजूर इड्रिस यानं खालचे खिळे उपटले. फांद्या दमलेल्या हातांसारख्या लोंबल्या. विनिफ्रेड घरी गेली ती धुमसतच.

सकाळी फांद्या जागच्या जागी होत्या. चिंध्या नीट दुमडलेल्या, खिळे ठोकलेले.

"तुमचीच करामत!" थॉर्ली ओरडला.

"या खांद्यानं मला केस विंचरता येत नाहीत, आणि हातोडा मारीन होय? मारलाच असता, तर भिंतीवर नसता मारला."

इड्रिस फिस्सकन हसला. मग भिंतीजवळ जाऊन त्यानं एका खिळ्यावर बोट फिरवलं. "साहेब, काल काढलेले खिळे माझ्या बादलीत आहेत. हे वेगळेच. चौकोनी, लोहाराच्या हातचे. असले आता कोण घडवतं? आणि गंज म्हणाल तर नावाला नाही."

थॉर्लीनं दाराला नवं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. इड्रिसनं पुन्हा सगळे खिळे उपटले.

सकाळी थॉर्लीनं कुलूप उघडलं, तेव्हा दाराच्या फटीतलं कोळ्याचं जाळं दहिवरानं गोठून अखंड होतं. आतल्या पांढऱ्या गवतावर पाऊल नव्हतं. ओल्या लोकरीचा वास सुटला होता. फांद्या भिंतीला घट्ट.

विनिफ्रेडच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "शाब्बास!" ती भिंतीला म्हणाली.

आणि क्लेमच्या चिंधीशेजारी तिला नवी चिंधी दिसली.

निळ्या चौकड्यांची.

थॉर्लीनं कोटाचा घेर चाचपला. मागच्या बाजूला पट्टी गेलेली, कात्रीनं कापावी तशी सरळ. "हा तर... माझ्या अंगावरच आहे," तो पुटपुटला.

इड्रिसनं बादली खाली ठेवली. "इथं मेलेल्यांच्याच चिंध्या लावतात, साहेब." तो निघून गेला.

"करवत आणतो मी," थॉर्ली म्हणाला, पण जागचा हलला नाही. त्याचे ओठ निळसर पडले होते. एकसारखा हातावर हात चोळत होता.

विनिफ्रेडचा राग फिरला. भिंतीवरच फिरला.

"हा कुठला न्याय, क्लेम? आडमुठा असेल, पण जिवंत माणूस आहे! जित्याचं कापड भिंतीला लावू नये, हे तूच शिकवलंस ना मला?"

तिनं खिशातून पकड काढली. दुखरा खांदा दाबत खिळा उपटला. फांदी सुटली, झुलत राहिली.

"घ्या. शिवून टाका. आणि पुन्हा येऊ नका."

चिंधी मुठीत धरून थॉर्ली गेला.

बुधवारी सूप भुरकत इड्रिसनंच बातमी दिली. साहेबानं दुसरी जागा धरली, आता बरा आहे, मंडपाचं बारगळलं. बायांनी टेबलं बडवली. विनिफ्रेड पोटभर हसली.

गुरुवारी ती क्लेमला सांगायला गेली.

सुटलेली फांदी सरळ बांधलेली होती. तपकिरी चिंधीशेजारी मोहरीच्या रंगाची लोकर.

तिनं खाली पाहिलं नाही. अंगातल्या त्याच रंगाच्या स्वेटरच्या घेरापाशी, पाठीला, बोटभर थंडी कधीपासून शिरत होती.

तिनं पकड काढली. खिळ्याला लावली.

मागं बाया गाजरांचे वाफे ओढत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या. एकीचा स्वेटर लाल, एकीचा हिरवा, मेबलच्या अंगात तिच्या लेकीनं विणलेला पांढरा.

आपली चिंधी काढली, तर उद्या यांच्यातल्याच कुणाची. फांदी सुटी राहणार नव्हती.

विनिफ्रेडनं पकड खिशात ठेवली. त्या एका फांदीवरच्या कळ्या इतर फांद्यांच्या आधी फुगल्या होत्या.