डावीकडून, मागून

ऋतिकाला हेडफोन चांगला हवा होता आणि परवडणाराही. कॉलेजच्या गेमिंग संघाचा निवड-सामना रविवारी होता. मागच्या सामन्यात शत्रूची पावलं कुठून येताहेत ते जुन्या इयरफोनमधून कळलंच नाही आणि सगळ्यात आधी तीच मारली गेली. संघाचा कप्तान कुंदन शिरपूरचा, गडबडला की अहिराणीवर येणारा. त्यानं फोनवर बजावलं होतं, "खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नको. डोळे मिटून ऐक आणि आवाज कुठून येतो ते बोटानं दाखव. चुकलीस तर ठेवून दे."

धुळ्यात आग्रा रोडवर रुपचंदनानांचं दुकान होतं. नानांनी तीन हेडफोन काढले. पहिल्यात सगळे आवाज डोक्याच्या मधोमध दाटले. दुसऱ्यानं कान आवळले. तिसरा हलका होता, बोलायला माईकही होता. त्यात नमुन्याचा आवाज लावला तशी कुणाची तरी पावलं तिच्याभोवती फिरली आणि मागे जाऊन थांबली. इतकी खरी, की तिनं वळून पाहिलं.

"हाच द्या, नाना."

बाबा वारल्यापासून घरात मायलेकी दोघीच. रविवारी दुपारी आई शेजारी सत्यनारायणाच्या पूजेला गेली होती. ऋतिका दार लावून खेळायला बसली. खेळ रंगात आला आणि डावीकडून, मागून पावलं वाजली. अनवाणी, सावकाश.

"कुंदन, माझ्यामागे कोणीतरी आहे."

"कोनीच नही. मला पूर्ण नकाशा दिसतोय."

तिनं खेळाचा आवाज बंद केला. पावलं चालूच. हेडफोन काढला, तर खोलीत फक्त पंख्याची घरघर. परत घातला आणि खुर्ची गर्रकन दाराकडे फिरवली. हेडफोनमधला आवाज डोक्याबरोबर फिरतो. मागचा तो मागेच राहतो. हा फिरला नाही. आता तो समोरून येत होता... दारातून.

"कोण... कोण आहे?"

पावलं थांबली.

"ऋतिका," कुंदनचा आवाज एकदम खाली आला, "तुना घरमा कोन शे?"

"घरात कोण असणार? कोणी नाही रे."

"मंग आते तुना माईकमा 'मी शे' असं कोन बोलनं?"

सामना तसाच टाकून ती अनवाणीच अंगणात पळाली. संघ हरला. कुंदन मात्र तिला एका शब्दानंही बोलला नाही.

आई, सुनंदाबाई, घरी आली तेव्हा ऋतिका पायरीवर बसून रडत होती. आईनं सगळं ऐकून घेतलं. "स्वस्तातली वस्तू, खरखरत असेल," म्हणाली आणि पलंगावर बसून हेडफोन स्वतःच्या कानाला लावला.

बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"काय येतंय, आई?"

"काही नाही गं."

"उद्या परत करून टाकू?"

"नको... राहू दे." हेडफोन न काढताच आई म्हणाली, आणि पदर सावरून पलंगावर थोडी सरकली, दमून आलेल्या माणसाला बसायला जागा करून द्यावी, तशी.