नसरुद्दीनची ओ

हसू नका रे नसरुद्दीनला. ह्या रंगनाथला दोह्यात येऊन महिना झाला नाही आणि लागला त्याची नक्कल करायला. कुणी हाक मारली, कुणाला मारली, काही बघायचं नाही, की आपला नसरुद्दीन स्वयंपाकघरातून 'ओ' म्हणतो. पहिल्याच हाकेला. कधीकधी हाक नसतानाही. आज तो अरबाबच्या, आपल्या मालकाच्या, बंगल्यावर मुक्कामाला आहे म्हणून सांगतो. नाहीतरी लाइट गेलीय, सगळ्या मुंतझा वस्तीत अंधार आहे, ह्या उकाड्यात गच्चीवरही झोप यायची नाही. सरका जरा.

एकोणऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हाही ह्याच अरबाबची गाडी चालवायचो. मालक मासळीचा मोठा व्यापारी, पण पोट नाजूक. परक्याच्या हातचा एक घास पचत नसे, त्यामुळे जाईल तिथे आचारी नसरुद्दीन बरोबर. त्या ऑक्टोबरात माझं काम साधं होतं. अरबाबला आणि नसरुद्दीनला विमानतळावर सोडायचं. डिकीत तांदळाची गोणी, मसाल्याचे डबे. जायचं होतं आइसलँडला. मी नगर जिल्ह्यातला माणूस, असा काही देश आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

 रत्नागिरीकडे समुद्राकाठी नसरुद्दीनचं गाव. बायको अनीसा पोटुशी, नोव्हेंबरात दिवस भरणार होते. आधीची दोन मुलं गेलेली, म्हणून ह्या वेळी तो जवळ असायलाच हवा असा तिने हट्ट धरला होता. त्याने रजा मागितली. अरबाब म्हणाला, एवढी फेरी कर, मग खुशाल दोन महिने जा, इन्शाल्ला. नाही म्हणायची आपली काय टाप?

उतरताना त्याने मला विचारलं, "मच्छिंद्रभाऊ, पोचेन ना मी वेळेत?"

म्हटलं, पोचशील की. म्हणायला माझं काय जात होतं?

आता पुढचं त्याने सांगितलं तसं सांगतो, तिखटमीठ न लावता.

एका कोळ्यांच्या गावाबाहेर, अगदी समुद्रावर घर होतं. नजर जाईल तिथवर एक झाड नाही. शरद ऋतूच म्हणे, पण वारा असा की दार उघडलं तर दोन्ही हातांनी ओढून लावावं लागे. घरासमोर लाकडी मांडव, त्यांवर माशांची मुंडकी वाळत टांगलेली. तो बोंबील वाळवणाऱ्यांच्या घरातला. पहिल्या दिवशी त्या मांडवाखाली उभा राहून रडला. वास सगळा घरचा, आणि घरचं माणूस एक नाही.

मग अरबाब दोन दिवसांसाठी शहरात गेला आणि हा एकटा राहिला. एक म्हातारी सकाळी दूध ठेवून जायची. ती तिच्या भाषेत काही बोलायची, हा मराठीत उत्तर द्यायचा. तेवढंच दिवसभराचं बोलणं.

ऑक्टोबरची एकोणीस तारीख, शुक्रवार. अनीसाला वाचता येत नव्हतं. म्हणून हा दर शुक्रवारी कॅसेटवर बोलून पाठवायचा, आपण सगळेच पाठवायचो तसं. जेवून टेपरेकॉर्डर समोर घेऊन बसला. घड्याळात नऊ वाजून पंधरा मिनिटं. बटण दाबलं. थंडीचं सांगितलं, मुंडक्यांचं सांगितलं. पुढच्या महिन्यात येतो म्हणाला.

आणि बाहेरून हाक आली.

"ऐकता का?"

मराठीत... बाईचा आवाज. अनीसा नवऱ्याचं नाव घेत नसे, अशीच हाक मारायची.

तो 'ओ' म्हणणारच होता. पण रात्रीच्या हाकेला लगेच ओ द्यायची नाही, हे तुम्हा-आम्हाला आईने शिकवलंय तसं त्यालाही शिकवलं होतं. भूत दोनदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा आली तरच माणूस. अनीसाही हे पाळायची. तो रात्री होडीवरून आला की ती मुद्दाम तीनदा हाक मारायची, मोजून, हसत हसत.

म्हणून तो थांबला.

वारा... मुंडकी एकमेकांवर आपटत होती. खट. खट.

"ऐकता का..."

दाराला लागून. आवाज अगदी बारीक.

त्याने तोंडावर हात धरला. अनीसाच असेल तर तिसरी येईल. ती कधी चुकत नाही. तो वाट बघत राहिला... दाराकडे बघत... 

तिसरी आलीच नाही.

टेप संपून बटण आपोआप वर आलं, तेव्हा तो दचकला. सकाळी दार उघडलं. बाहेर फक्त दुधाची बाटली होती.

आठवड्याने मी त्यांना आणायला विमानतळावर गेलो, तेव्हा माझ्या खिशात तार होती. ऑफिसात पडून होती ती. गाडीत द्यावी की खोलीवर, हेच मला कळेना. शेवटी खोलीवर दिली. मुलगी झाली, जगली. अनीसा गेली. वीस तारीख, पहाटे पावणेतीन. तिकडचे रात्रीचे सव्वानऊ म्हणजे आपल्या गावाकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे पावणेतीनच होतात, मी दोनदा बोटांवर मोजलं.

पुढे सासूचं, रुकैयाचाचीचं, पत्र आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. पत्र मीच वाचून दाखवलं, माझ्याच तोंडून गेलं ते. लिहिलं होतं, शेवटी तिने तुम्हाला दोनदा हाक मारली. तिसरीला दम उरला नाही.

नसरुद्दीन उठला. ट्रंकेतून ती न पाठवलेली कॅसेट काढली. तिच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे त्याने तिकडेच मोडले होते. आपण पत्राच्या कॅसेटचे मोडतोच, घरी पोरांनी वरून गाणी भरू नयेत म्हणून. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही.

त्याने लावली. मी शेजारी बसलो होतो. त्याचं बोलणं झालं. मग वारा...

"ऐकता का?"

मी ऐकलं. ह्या कानांनी.

"ऐकता का..."

मग नुसता वारा. खट. खट. आणि नसरुद्दीन त्या यंत्रावर वाकला आणि म्हणाला, "ओ. ओ गं अनीसा. हाय मी."

 मी उठून पाणी आणलं. मला वाटलं, त्याला एकदा तिचा आवाज पुन्हा ऐकू द्यावा. म्हणून मीच टेप मागे घेतली आणि लावली. एकच, ऐकायचं बटण दाबलेलं होतं, रंगनाथ, मी वाकून बघितलं होतं.

त्याचं बोलणं. वारा. पहिली हाक. मुंडक्यांची खटखट. दुसरी हाक.

आणि लगेच, त्या वाऱ्यातच, दाराच्या आतून आल्यासारखं... "ओ. ओ गं अनीसा. हाय मी."