उरलेली खुर्ची

“नापास झाल्याचं मला एवढं काही नाही,” समोर बसलेल्या वैमानिक बाई म्हणाल्या. “पण कागदावर लिहिलेली चूक माझी नाहीच.”

तपासनीसाने कागद घेतला. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं कार्यालय होतं. त्याच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती, तरी मेहुणा भिंतीला टेकून उभाच होता.

‘जमीन जवळ येताच उमेदवार वेग सोडतो. तीनदा घडलं. अपात्र.’

“आधी कुठे होतात?”

“नऊ वर्षं पिकांवर फवारणीचं विमान चालवलं. एका खुर्चीचं. शिकले तेही मी पुढे आणि गुरुजी मागे, अशाच विमानात. आता प्रवासी विमानासाठी अर्ज केला. पुढच्या महिन्यात पस्तीस पूर्ण होतील, मग अर्जही घेत नाहीत. आणि अंतिम यादी आज पाचला लागतेय.”

“पिकावर किती उंचीने उडता?”

“दोन पुरुष.”

“तिथे वेग सोडला तर?”

बाई हसल्या. “तर आज इथे बसले नसते.”

बाहेर पडताना मेहुणा पुटपुटला, “घाबरल्या असतील, भाऊजी. परीक्षेत मी स्वतःचं नाव चुकवलं होतं.”

“तू ते लग्नाच्या नोंदणीतही चुकवलंस.”

विमान कंपनीच्या चाचणी केंद्रात परीक्षक भेटला. तो लढाऊ विमानांतून निवृत्त झालेला होता.

“मला फवारणीवाले नको असतात. तोंडावर सांगतो. लढाऊ विमानातला माणूस दहा दिवसांत शिकतो.”

“म्हणजे तुम्हीच...” मेहुणा पुढे सरसावला.

“म्हणून तर कंपनीने मला पडद्याआड बसवलंय! चाचणीच्या नकली विमानात कोण बसलंय, ते मला दिसत नाही. समोरच्या यंत्रावर फक्त दोघांच्या उड्डाणाच्या दोन रेघा. डाव्या खुर्चीची एक, उजव्या खुर्चीची एक. नावं कारकून बाई घालतात.”

कारकून बाईंना राग आला. “मी अदलाबदल केली म्हणता? बावीस वर्षं झाली मला. यादीतला पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे. कुणाला सांगावंसुद्धा लागत नाही.”

“त्या दिवशी पहिला कोण होता?”

“हेलिकॉप्टरवाले. हेलिकॉप्टरमधला माणूस यंदा पहिल्यांदाच बोलावला. तेच पास झाले.”

हेलिकॉप्टरवाला उपाहारगृहात चहा गार करत बसला होता.

“अभिनंदन,” तपासनीस म्हणाला.

“माझाच विश्वास बसत नाहीये. डोंगरातून जखमी माणसं उचलायचो मी. हवेत थांबायचं आणि मग टेकायचं. इथेही हात आपोआप तेच करत होता. घरी सांगून टाकलं होतं, आपली विकेट गेली म्हणून.”

“हाच चोर!” बाहेर येताच मेहुणा म्हणाला. “यानेच कागद बदलले.”

“चोराने हे आपणहून सांगितलं असतं का?”

सव्वाचारला तपासनीसाने सगळ्यांना नकली विमानाच्या दाराशी बोलावलं.

“दोघांनी त्या दिवशी बसलात तसे बसा.”

हेलिकॉप्टरवाला आधी शिरला आणि सरळ उजवीकडे बसला. बाई उरलेल्या, डावीकडच्या खुर्चीवर बसल्या.

कारकून बाईंनी कपाळाला हात लावला.

“विमानात मुख्य वैमानिक डावीकडे बसतो. हेलिकॉप्टरमध्ये उजवीकडे,” तपासनीस म्हणाला. “यांना कुणी सांगितलं नाही, कारण इथे आजवर सांगावंच लागलं नव्हतं. आणि बाईंच्या विमानात शेजारी कुणी नसतंच. त्यांनी उरली ती खुर्ची घेतली. दोघं बसले सवयीने, नावं पडली यादीने.”

“पण शंका कशावरून आली?” परीक्षकाने विचारलं.

“तुमच्याच शेऱ्यावरून. दोन पुरुष उंचीवर नऊ वर्षं काढलेली बाई जमिनीजवळ वेग सोडणार नाही. सोडेल तो हवेत थांबायची सवय असलेला. तुम्ही तोंड पाहिलं नाहीत, पण आधीचं काम रेघेत उतरलं होतं.”

परीक्षकाने दुसरा कागद काढला. ‘जमिनीलगत वेग अचूक. नेमणुकीस योग्य.’

“हे मी एका फवारणीवालीबद्दल लिहिलंय?”

“खोडायचंय का?” बाईंनी विचारलं.

“नाही.” त्याने नाव दुरुस्त करून खाली सही ठोकली.

“म्हणजे माझी विकेट खरंच गेली,” हेलिकॉप्टरवाला उठत म्हणाला.

“बसा खाली,” परीक्षक म्हणाला. “सवय आहे, जाईल. दहा तास माझ्यासमोर उडवा, पडद्याशिवाय. मग पुन्हा चाचणी. आणि आता डावीकडे बसायचं!”

पाचला यादी लागली. बाईंनी आपलं नाव दोनदा वाचलं आणि वडिलांना फोन लावला.

घरी आल्यावर मेहुण्याने विचारलं, “खुर्चीचं कसं सुचलं, भाऊजी?”

तपासनीस चहा गाळत होता. “तुझी ताई जाऊन दोन वर्षं झाली. घरात मी एकटा. कुठेही बसलो तरी कोण विचारणार? पण मी उजवीकडेच बसतो. डावी तिची.”

मेहुणा कप घेऊन उभाच राहिला.

“बस ना.”

“कुठे?”

“तिथेच. तू उभ्याने चहा सांडतोस म्हणून ती ओरडायची.”

मेहुणा ताईच्या खुर्चीवर जपून बसला. चहा बशीत सांडलाच.

“बसूनही सांडतोस,” तपासनीस म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी मोकळा हसला.