कुणीतरी एडिटर बदलतंय

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं, माझी काही हरकत नाही. पण ज्यांच्याबाबत ती घडली त्यातली दोन माणसं माझ्या रक्ताची आहेत, म्हणून सांगतोय. जागृती माझी मावसबहीण. आणि गोटीराम आमचा सख्खा मामा.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. जासईजवळचं एक कंटेनर यार्ड. वेळ दुपारी अडीचची.

हो, दुपारीच. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी शनिवारी दुपारी बंद पडलेलं यार्ड पाहिलेलं नाही.

जागृती तिथे गेट ऑफिसात सहा वर्षं होती. सानपाड्याहून रोज जायची. नोकरी मामानेच लावून दिली होती, तो तिथला सुपरवायझर. तिचे वडील गेले तेव्हा ती बारावीत होती. तेव्हापासून घरात मामाचा शब्द शेवटचा. मामा म्हणाला की झालं, असं आम्ही सगळेच वागायचो.

यार्डातला मेल जुन्या पद्धतीचा होता. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माऊस नाही. सगळं कीबोर्डवर. नवीन मेल लिहायचा तर एक बटण दाबायचं, मग लिहिण्यासाठी एक वेगळा प्रोग्रॅम उघडतो. त्याला एडिटर म्हणतात. कुठला एडिटर उघडायचा ते सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं.

त्या एका ओळीवरून जागृती आणि केतनचं रोज वाजायचं.

केतन तिचा कामातला जोडीदार. सकाळची शिफ्ट त्याची, दुपारची हिची. लॉगिन मात्र दोघांत एकच, आणि तेही जागृतीच्या नावाचं. दुसरं काढायला कुणाला वेळ होता? कुणीही लिहिलं तरी मेल जायचा जागृतीच्या नावाने. लिहिणाऱ्याने खाली आपलं नाव टाकायचं, एवढाच नियम.

केतनला व्हिम लागायचा. तो अवघड एडिटर आहे, नुसतं टाइप करायला गेलं तर अक्षरंच उमटत नाहीत. हिला साधा नॅनो. सकाळी तो सेटिंग बदलायचा, दुपारी ही परत बदलायची. तो हिच्या एडिटरला बालवाडी म्हणायचा. ही म्हणायची, तुझ्या व्हिममधून बाहेर कसं पडायचं ते आधी पोलिसांना विचारावं लागतं.

नोव्हेंबरात केतन गेला.

चार नंबरचा स्टॅकर, म्हणजे कंटेनर उचलणारं ते अवाढव्य मशीन, मागे आला. केतन दोन रांगांच्या मधे कंटेनरच्या दारांची सीलं तपासत होता. ड्रायव्हरला तो दिसला नाही.

यार्डाचं म्हणणं असं की केतन कानाला फोन लावून, कुणाला न सांगता रांगेत शिरला. चूक त्याची.

त्याची बायको तेजश्री ऑफिसात आली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, की त्या सकाळी केतन घरातून निघताना म्हणाला होता, आज मशीनबद्दल हेड ऑफिसला मेल टाकतो. तो मेल गेला का? कारण गेला असेल तर माझा नवरा बेफिकीर नव्हता, हे माझ्या पोरीला सांगता येईल.

जागृतीने शोधलं. पाठवलेल्यांत नाही. अर्धवट लिहून ठेवलेल्यांत नाही. कुठेच नाही.

मामा म्हणाला, नाही ना? मग तसं लिहून दे.

तिने लिहून दिलं. यार्डात मशीनबद्दल कुणीही, कधीही, काहीही तक्रार केली नव्हती. खाली सही. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी चौकशीची माणसं येणार होती, त्यांच्यासाठी.

आता इथून पुढचं नीट वाचा.

केतन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने सेटिंगमध्ये नॅनो टाकला. आता बदलणारं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने मेल लिहायला बटण दाबलं...

व्हिम उघडला.

तिला वाटलं, आपणच विसरलो असू. पुन्हा नॅनो टाकला. दोन दिवस ठीक गेले. मग पुन्हा तेच. यावेळी तिने फाइल कधी बदलली ती वेळ पाहिली. सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

सात दहाला ऑफिसला कुलूप असतं. केतन असताना तो सात दहाला येऊन बसायचा, ते वेगळं.

तिने मामाला विचारलं. मामा म्हणाला, मी त्या काळ्या डब्याला हातपण लावत नाही. वाशीत यार्डाचे कॉम्प्युटर बघणारा मितेश म्हणून एक आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, पासवर्ड बदला, कुणीतरी मस्करी करतंय. तिने पासवर्ड बदलला. कुणालाही सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिमच होता.

आणि मग तो शनिवार.

दुपारी दोनला यार्ड बंद झालं. ड्रायव्हर गेले, गेटवरचा वॉचमन जेवायला बसला. जागृती एकटीच होती. एका जहाज कंपनीला उत्तर द्यायचं राहिलं होतं, तेवढं करून निघणार होती. त्याआधी तिने नॅनो टाकला, जपून ठेवला, पुन्हा उघडून खात्री केली.

बटण दाबलं.

व्हिम उघडला. पण यावेळी रिकामा नाही. मधोमध एक सूचना होती.

ही फाइल आधीच कुणीतरी उघडलेली आहे... ते लिहिणं अजून चालू आहे.

ऑफिसात कॉम्प्युटर एकच होता.

त्याच वेळी बाहेरून आवाज आला. टीं... टीं... टीं... स्टॅकर मागे घेताना वाजतो तो हॉर्न.

ती खिडकीशी गेली. यार्डात एकही मशीन हलत नव्हतं. चार नंबरचा स्टॅकर अपघातापासून कोपऱ्यात उभा होता, चाकांना लाकडी ठोकळे, दाराला सील. आवाज तिथूनच येत होता.

मग तो थांबला. एकदम. पंख्याचाही आवाज येईना, आणि पंखा तर फिरत होता.

ती परत खुर्चीत बसली. पळून का नाही गेलीस, असं मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, सूचनेखाली एक पर्याय होता. अर्धवट राहिलेलं परत आणायचं का? मितेश तिला कधीतरी म्हणाला होता की व्हिम लिहिताना मधेच बंद पडला तरी लिहिलेलं जपून ठेवतो. नॅनोत राहिलो असतो तर हे कधी दिसलंच नसतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. रोज कुणीतरी एडिटर का बदलत होतं, तेही.

तिने होय म्हटलं.

मेल मराठीत होता, इंग्रजी अक्षरांत. केतन तसाच लिहायचा.

“साहेब, चार नंबर स्टॅकरचा रिव्हर्स हॉर्न चार दिवस बंद आहे. मागचा कॅमेरापण बंद. गोटीराम शेठना तीनदा सांगितलं. दुरुस्त होईपर्यंत मी रांगेत उतरणार नाही. गोटीराम शेठ आता इथेच उभे आहेत. म्हणतात, आधी खाली जाऊन सील बघून ये, मेल मग लिही...”

इथे मजकूर संपत होता.

तिने तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना कर्सर हलला.

तिचे हात मांडीवर होते.

एक एक अक्षर उमटत गेलं... हळू, केतन कधीच एवढं हळू टाइप करायचा नाही.

“मी गेलो... त्यांनी माझ्या खुर्चीत बसून स्क्रीन बंद केली... केतन.”

जागृती सांगते की तेव्हा तिला भीती वाटलीच नाही. नुसता संताप आला. बाप गेल्यावर ज्याच्या खांद्यावर रडलो, त्याने आपल्याकडून सही घेतली. डोळ्यांत बघून घेतली.

“अजून हायस तू?”

दारात मामा होता. सोमवारचे कागद न्यायला परत आला होता. तो मागे येऊन उभा राहिला. स्क्रीन वाचली. इंग्रजी अक्षरं त्याला सावकाश लागतात, म्हणून बराच वेळ उभा होता.

त्याने घाबरावं, हे काय आहे म्हणून विचारावं, असं जागृतीला वाटत होतं. तो म्हणाला,

“मी ह्या बंद केला होता ना.”

बस. एवढंच. ज्याने काळ्या डब्याला कधी हात लावला नव्हता त्याने.

“मामा, तू मना खोटा सांगितलास.”

“तुजेसाटीच केला पोरी.” मामा शेजारच्या खुर्चीत बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, समजूत होती. “लॉगिन कुनाचे नावाचा हाय? तुजे. ह्यो मेल निगाला तर तो तुजे नावान निगेल. आनि मेल नव्हता म्हनून सही कोनाची हाय? तुजीच. मी कंदी कंच्या कागदावर सही केलीय काय?”

तिला तेव्हा सगळं कळलं. सही तिचीच का घेतली, एकच लॉगिन इतकी वर्षं का चालू दिलं. मामाच्या बोलण्यात तिच्या काळजीचा एक शब्द होता आणि बाकी सगळी तजवीज होती. आमच्या घराने ज्या माणसावर डोळे झाकून विश्वास टाकला, तो हा.

मामा म्हणाला, पुसून टाक आणि चल, मी सानपाड्याला सोडतो.

तिने मेल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. खाली “केतन” आणि त्यानंतर काही नाही. हे ती शपथेवर सांगते. वर हेड ऑफिसचा पत्ता टाकला. तेजश्रीचा टाकला. पाठवायचा का, असं स्क्रीनने विचारलं.

मामाने तिचा हात धरला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिने होय दाबलं.

मेल गेला. खिशातला फोन चाचपत मामा उठला आणि निघून गेला. त्या दिवसापासून तो आमच्या कुणाच्या दारात आलेला नाही, आणि आम्ही त्याच्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

जागृतीने पाठवलेल्यांत जाऊन तो मेल उघडला. बरोबर गेला ना, एवढंच बघायला.

सगळं तसंच होतं. शेवटी “केतन”. आणि त्याच्याखाली...

एक ओळ जास्त होती.

“जागृतीला माहीत होतं.”

ही गोष्ट तिने मला सगळ्यात शेवटी सांगितली. आधी दोन महिने नाही सांगितली. अपघाताच्या सकाळी ती लवकर आली होती. टपरीवर चहा पिताना केतनने तिला हॉर्नचं सांगितलं होतं, आज लिहितो म्हणाला होता. तिने त्याला म्हटलं, आज नको रे, मामा वैतागलाय, सोमवारी लिही. तो हसून गेला. मग ती गोष्ट तिने पोटात ठेवली. सही करतानाही.

सोमवारी तेजश्री चौकशीला आली तेव्हा तिच्या हातात त्या मेलचा कागद होता. चौकशीवाल्यांनी केतनची चूक नव्हती असं लिहून घेतलं. मग बाहेरच्या पॅसेजमध्ये तिने जागृतीला थांबवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ताई, हे खरंय?”

जागृती हो म्हणाली.

तेजश्रीने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि रिक्षात बसून निघून गेली. जागृतीचा फोन ती अजून उचलत नाही.

जागृती आता वाशीत दुसरीकडे काम करते. परवा माझ्याकडे आली होती. म्हणाली, “दादा, मी त्याच्यासाठी मामाला सोडलं, नोकरी सोडली. आणि त्याने मलाच...”



ती ओळ कुणी लिहिली, ते मला माहीत नाही. मितेशने सगळं तपासलं, त्यालाही सांगता आलं नाही. मी तिला समजवायला तोंड उघडलं होतं, की भूत होतं, त्याचं काय मनावर घ्यायचं. पण ओळ खोटी नव्हती. मग मी गप्प बसलो, आणि तिने ते माझं गप्प बसणं बघितलं.